नऊ नंबरचा उतार

४ ऑक्टोबर

अक्का म्हणते, डायरी लिहिणारी माणसं दोनच प्रकारची, मोठी आणि रिकामटेकडी. आणि मी मोठा झाल्याचं अजून तिच्या कानावर आलेलं नाही. थोरल्या बहिणीच्या घरी राहायचं म्हणजे हे ऐकून घ्यावं लागतं. पण रोज किती फिरलो, कुठे थांबलो, काय पाहिलं हे कुणाला तरी सांगायची सवय लागली होती, आणि ज्याला सांगायचो तो मास्तर आता नाही.

काम म्हणजे एक पुस्तक. सायकलवरून फिरायचे बारा मार्ग, डोंगराच्या दोन्ही अंगांचे. काही डांबरी, काही नुसत्या पायवाटा. प्रत्येक मार्गाचं एक कार्ड आणि त्यावर आकडे: इतक्या किलोमीटरवर पूल, इतक्यावर डावीकडे, इतक्यावर ब्रेक धरा. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचा, नकाशे त्याने काढले. माझं सायकलदुरुस्तीचं दुकान, सायकली मी सांभाळल्या. नियम एकच होता. एकाने मोजायचं, दुसऱ्याने तपासायचं.

आठ कार्डं पक्की झाली. दहा, अकरा आणि बारा मास्तरने मोजले होते, ते मी तपासायचे राहिले. नऊ मी मोजला होता. तो तपासायला मास्तर फेब्रुवारीत एकटा गेला, दाट धुक्यात, आणि खिंडीतून उतरताना मोठ्या वळणावरून खाली दरीत गेला.

छापखानेवाल्याला डिसेंबरअखेर पुस्तक हवंय. वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, त्याही म्हणाल्या, पुरं करा, त्यांचा जीव त्यात होता. उद्या दहा नंबर.

५ ऑक्टोबर

दहा नंबर केला. आठ महिन्यांनी चढावर सायकल घातली, गुडघ्यांनी जाहीर निषेध केला.

एक विचित्र गोष्ट. मास्तरच्या कार्डावर पाण्याची टाकी ६.५ वर आहे. मला ती ६.० वरच लागली. पुढे पडकी शाळा, दगडाची खाण, सगळंच लवकर. मार्ग संपतो तिथे कार्डावर २१.७, माझ्या सायकलच्या मीटरवर २०. मास्तर म्हणजे वर्गात फळ्यावर वर्तुळ काढायचा तर पोरं कंपास लावून बघायची आणि गप्प बसायची. त्याचा आकडा चुकत नाही. माझंच मीटर बिघडलं असणार.

टाकीपाशी जरा जास्तच वेळ बसलो. दम लागला होता.

६ ऑक्टोबर

मोठ्या रस्त्यावर मैलाच्या दोन दगडांमध्ये माझं मीटर तपासलं. बरोबर आहे.

११ ऑक्टोबर

अकरा नंबर. पुन्हा तेच. १३ वर हवा असलेला पूल मला १२ ला भेटला.

घरी आल्यावर अक्काला म्हटलं, रस्ता आखडलाय. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आखडायला डोंगर काय धुतलाय कुणी?"

मी हसलो, पण खरं सांगायचं तर हसू येत नव्हतं. कारण आज दुसरंही एक झालं, ते तिला सांगितलं नाही. पुलानंतरच्या चढावर मागून फ्रीव्हीलचा आवाज आला. सायकल चालवताना पाय थांबवले की मागच्या चाकातून जी टिकटिक येते, ती. मास्तरच्या फ्रीव्हीलचा एक दात झिजला होता, त्यामुळे त्याची टिकटिक तिसऱ्या ठोक्याला अडखळायची. दुकानात पाठमोरा बसलेला असलो तरी तो आल्याचं मला त्यावरून कळायचं. आज तीच अडखळती टिकटिक.

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा. उतरलो, तर आवाज बंद. चढलो, तर पुन्हा सुरू. आणि मग लक्षात आलं की चढावर फ्रीव्हील वाजूच शकत नाही. चढावर पाय थांबवले की माणूस थांबतो. पायडल न मारता चढ चढणारं माझ्यामागे कोण होतं?

१३ ऑक्टोबर

दुकान उघडलं, तीन पंक्चर, एक चेन. मन लागलं नाही.

गिऱ्हाइकाच्या पोरीने विचारलं, मीटरला कसं कळतं आपण किती गेलो ते? तिला सांगितलं, त्याला रस्ता दिसत नाही. ते फक्त चाकाचे फेरे मोजतं. चाकाचा घेर किती आहे ते आपण त्याला आधी सांगायचं, ते फेऱ्यांना त्याने गुणतं. त्याला जे सांगाल त्यावर ते डोळे मिटून विश्वास ठेवतं. ती म्हणाली, मग ते बावळट आहे. मी म्हटलं, भोळं आहे.

जानेवारीत मास्तरची सायकल याच जागी उलटी टाकून बसलो होतो. शेवटचे चार मार्ग डांबरी होते आणि डोंगरातल्या जाड टायरांनी त्याची फेफे उडत होती. मी त्याला बारीक टायर चढवून दिले. ट्यूब, ब्रेकच्या पट्ट्या, चेन, सगळं नवं. दुकानात तीन माणसं खोळंबली होती तरी त्याचं काम आधी केलं. "पान्या, तुझा हात म्हणजे हात आहे," म्हणाला. मला तो पान्या म्हणायचा, माझ्या हातात कायम पाना असतो म्हणून. सायकलीत काही कमी ठेवलं नव्हतं मी. हे कुणालाही सांगायला तयार आहे.

२० ऑक्टोबर

वहिनींकडे गेलो होतो. त्या घरीच कपडे शिवतात. यंत्रावर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश होता. गळ्यात मोजायची फीत. चहा दिला आणि कपाटाच्या खणातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. पोलिसांनी परत दिलेल्या वस्तू. घड्याळ, नऊ नंबरचं माझं कार्ड आणि मीटर.

त्यांनी मीटरचं बटण दाबलं. अजून चालतंय. "मी रोज दाबून बघते," म्हणाल्या.

पडद्यावर ५.१.

"भावजी, एक विचारू का? कार्डावर वळण ४.७ ला आहे. ते खिंडीतल्या दगडापासून मीटर शून्य करून निघाले असणार, तुमची तशीच पद्धत ना? मग वळणावर पडले तर इथे ४.७ हवं. हे पाच पूर्णांक एक कसं?"

मी म्हटलं, पडल्यावर चाक हवेत फिरत राहतं.

"चारशे मीटर?"

चारशे मीटर म्हणजे पावणेदोनशे फेरे. ते चाक मी पाहिलंय. द्रोणासारखं वाकलं होतं.

मग त्या खाली बघत बोलल्या. आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याचा हिशेब सांगावा तसा. "मी कितीतरी वेळा विचार केला. ते वळण नीट घेऊन पुढे गेले. दोनशे मीटर. मग थांबले. आणि परत फिरून वर त्या वळणाशी आले. दोनशे जायला, दोनशे यायला. चारशे होतात बरोबर."

मला वाटलं त्या एवढ्यावर थांबतील.

"त्या सकाळी नळावरून भांडण झालं होतं आमचं. तीन रविवार मी सांगत होते, नळ गळतोय, बघा. हे निघाले सायकल घेऊन. मी म्हटलं, जा, आणि परत नाही आलात तरी चालेल मला." त्यांनी मीटर पिशवीत ठेवलं. "नाही आले. मी घालवलं त्यांना, भावजी. हे कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला सांगितलं."

मी म्हटलं, असं काही मनात आणू नका. असं कोणी करतं का, मास्तर तर नाहीच. अशी पुष्कळ वाक्यं बोललो. चहा गार झाला होता, तसाच प्यायलो आणि निघालो.

२१ ऑक्टोबर

दिवसभर दुकान.

२४ ऑक्टोबर

आज दुपारी दुकानात एकटाच होतो. मागच्या खोलीत मास्तरची सायकल चादरीखाली पडून आहे, फेब्रुवारीपासून मी ती उघडलेली नाही. आतून टिकटिक ऐकू आली. टिक, टिक, अडखळ. टिक, टिक, अडखळ.

अक्का डबा घेऊन आली होती. तिला म्हटलं, ऐक. तिने डोकं वाकडं करून ऐकलं. "मला तर काही ऐकू येत नाही. कान तपासून घे. नाहीतर मन."

खोलीच्या दाराला मी कडी लावली. भीती वाटली म्हणून लावली, उगाच दुसरं कारण कशाला लिहू?

मास्तरला माझ्याकडून काय हवंय? असेल काही तर सरळ सांगावं. आयुष्यभर सरळ बोलला, आता हे काय.

२ नोव्हेंबर

बारा नंबर. सगळं लवकर आलं. तिन्ही कार्डं शेजारी ठेवून बघितली. साडेसहाचे सहा, तेराचे बारा, एकवीस पूर्णांक सातचे वीस. चूक सगळीकडे एकाच प्रमाणात आहे. शंभराला आठ, साडेआठ.

यावरून काही सिद्ध होत नाही. थंडीने, हवेच्या दाबाने फरक पडतो.

मला वाटतं तो मला मागून ढकलतोय. म्हणून सगळं लवकर येतं. चढावर पाठीमागे तो असला की पाय हलके होतात. आज तर अगदी जवळ होता, मान वळवली असती तर दिसला असता. मी वळवली नाही.

घरी आलो तर अक्का म्हणाली, तुझा चेहरा बघून दूध नासेल. दोन दिवस सायकल बंद कर. मी म्हटलं, नऊ राहिलाय.

५ नोव्हेंबर

छापखान्यात गेलो. म्हटलं, नऊ वगळू या. अकरा मार्गांचं पुस्तक करा. छापखानेवाला म्हणाला, "अहो, मुखपृष्ठावर बारा छापलेत. आणि ज्या मार्गावर मास्तर गेले तो लोक आधी उघडून बघणार."

असं बोलायला नको होतं त्याने.

९ नोव्हेंबर

नऊ नंबर.

मुद्दाम धुकं असलेली सकाळ निवडली. का, ते माहीत नाही. खिंडीत दगडापाशी मीटर शून्य केलं. पुढचं चाकसुद्धा नीट दिसत नव्हतं. अशा वेळी डोळ्यांचा उपयोग नसतो, माणूस आकड्यावर उतरतो. एक डोळा मीटरवर, बोटं ब्रेकवर.

३ पासून ब्रेक घट्ट. ४.३ वर रस्ता डावीकडे जरासा मुरडला. स्वच्छ उन्हात मी हा मार्ग मोजला तेव्हा ही मुरड मला कार्डावर लिहावीशीही वाटली नव्हती, इतकी ती किरकोळ. पण धुक्यात ती वळणासारखी लागली. चांगलं मोठं, घेतल्यावर हुश्श करावं असं वळण. आणि त्यानंतर रस्ता सरळ सुटतो, सायकल आपोआप धावू लागते.

माझ्या कार्डावर मीच लिहिलंय: ४.७ डावे वळण, कठडा नाही, नंतर सरळ उतार, ब्रेक सोडा.

माझ्या मीटरवर ४.३ होते म्हणून मी ब्रेक सोडले नाहीत.

खऱ्या वळणावर उतरलो आणि सायकल आडवी ठेवली. कडेचं गवत पुन्हा उगवलंय. तेवढ्यात वरून टिकटिक आली. खूप वेगाने. ब्रेक न लावलेल्या सायकलीची. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. ओरडलोसुद्धा, "मास्तर, पुढे आहे! वळण पुढे आहे!" आवाज माझ्या अंगावरून गेला आणि कडेपाशी थांबला.

तिथे बसून रडलो. मग सायकल हातात धरून सगळा उतार पायी उतरलो.

१० नोव्हेंबर

वहिनींकडून मीटर मागून आणलं. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.

घरी टेबलावर ठेवून बटण तीन सेकंद दाबून धरलं. घेर दाखवला, मिलिमीटरमध्ये. २२९०.

बारीक टायरला २११० लागतो. २२९० हा जाड टायरचा आकडा. जानेवारीत टायर मी बदलले, ट्यूब बदलल्या, चेन बदलली. मीटरमधला आकडा बदलला नाही. त्या दिवसापासून त्याचं मीटर त्याला शंभराचे एकशे साडेआठ सांगत होतं आणि तो डोळे मिटून विश्वास ठेवत होता. मीटरवरही आणि माझ्यावरही.

मीटरने ४.७ दाखवले तेव्हा तो खरा ४.३ वर होता. बरोब्बर त्या मुरडीवर. त्याला वाटलं, वळण झालं. माझं कार्ड म्हणत होतं, आता ब्रेक सोडा.

खरं वळण आलं तेव्हा मीटरवर ५.१ होते.

१७ नोव्हेंबर

सात दिवस काही लिहिलं नाही. दुकानही उघडलं नाही. अक्काने दोन दिवस चिडून पाहिलं, मग चिडणं सोडून शेजारी येऊन बसली. तिला सांगितलं. तिने बराच वेळ माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मला सांगून उपयोग नाही रे. तिला सांग."

आज गेलो. वहिनी यंत्रावर होत्या. मी पाणीसुद्धा न घेता बोलायला लागलो आणि सगळं उलटंसुलटं सांगितलं. त्यांना कळेना. मग त्यांच्याच गळ्यातल्या फितीकडे बोट दाखवलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे फीत चुकीची होती."

"हो."

"आणि ती तुम्ही लावली होती."

"हो."

"मग ते पुढे जाऊन परत फिरले नव्हते?"

"नाही. वळणाशी ते एकदाच पोचले. त्यांना वाटलं, वळण मागे गेलं. म्हणून वेग घेतला."

"घरी यायला?"

"हो वहिनी. तो रस्ता घराकडेच येतो."

हातात गणवेशाची बाही होती, त्यांनी ती तोंडावर दाबून धरली. नऊ महिन्यांचं रडणं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी भिंतीकडे बघत बसलो. मला वाटलं, चला, निदान हे तरी माझ्या हातून नीट झालं. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. हलकंसुद्धा वाटलं मला, लाज वाटते लिहायला.

त्यांनी डोळे पुसले. "तुम्हाला कधी कळलं?"

"दहा तारखेला. मीटर उघडलं तेव्हा."

"ते बघितलंत दहाला. कळलं कधी?"

शिवणाऱ्या बाईला फसवता येत नाही. अंगावर कपडा बघून तिला कळतं माप कुठे चुकलं. मी म्हणालो, पाच ऑक्टोबर. दहा नंबरला, टाकीपाशी. तिथे बसलो तो दम लागला म्हणून नव्हे. सायकलवाल्याला आकडा एवढा पुढे पळालेला दिसला की पहिलं चाकच आठवतं. दुसरं काही आठवू नये म्हणून मी महिनाभर धडपडत होतो.

नळाचा आवाज येत होता.

"वीस ऑक्टोबरला मी इथेच बसून तुम्हाला म्हटलं, मी त्यांना घालवलं. तुम्ही समोर होतात. चहा प्यायलात."

"हो."

"आणि उठून गेलात."

"हो."

"जा आता," त्या म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर

मला वाटलं होतं, सांगितल्यावर आवाज थांबेल. थांबला नाही. आज दुकानात दिवसभर होता. मागच्या खोलीची कडी काढून ठेवली. असू दे.

दहा, अकरा, बारा, सगळी कार्डं नव्याने लिहिली. नऊवर ४.३ ची मुरड घातली.

८ डिसेंबर

वहिनींनी अक्काकडे निरोप दिला. पुस्तक निघू दे. पण पहिल्या पानावर काय झालं ते लिहायचं, सगळं, आणि छापण्याआधी त्यांना दाखवायचं.

छापखानेवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो, असं कोणी आपल्या हाताने लिहितं का? उद्या दुकानात काळं कुत्रं फिरकणार नाही." म्हटलं, छापा.

१६ डिसेंबर

पान घेऊन गेलो. वहिनींनी आत बोलावलं नाही. दारात उभ्या राहूनच वाचलं.

मी लिहिलं होतं: "टायर बदलले तर मीटरमधला चाकाचा घेर बदला. या पुस्तकाचे नकाशे ज्याने काढले तो नऊ नंबरच्या वळणावर गेला, कारण त्याचे टायर बदलणाऱ्याने तो आकडा बदलला नाही. ते टायर बदलणारा मी. मला हे कळलं त्यानंतर महिनाभर मी त्याच्या बायकोला सांगितलं नाही. तोवर ती स्वतःला दोष देत होती."

त्यांनी दोनदा वाचलं. मग कानावरची खडूची पेन्सिल काढली आणि एका शब्दाखाली रेघ मारली.

"महिनाभर म्हणजे किती? दिवस लिहा."

दार लागलं. मी घरी येऊन ही वही काढली आणि पहिल्या पानापासून बोट ठेवून मोजलं. पाच ऑक्टोबर ते सतरा नोव्हेंबर. दोनदा मोजलं. मग छापखान्यात जाऊन 'महिनाभर' खोडलं आणि तिथे लिहिलं, त्रेचाळीस दिवस.